पहिली वाटी

फ्रिजमध्ये डाळीच्या वाटीवर तुळशीचं पान होतं. फोटो काढून झाला होता. ॲपमधल्या ‘प्रत्येक जेवणाचा नमुना राखून ठेवला जातो का?’ या प्रश्नापुढच्या ‘होय’वर दादासाहेबाचा अंगठाही टेकून झाला होता. पान दिसलं ते त्यानंतर, दार लावता लावता. स्टीलच्या चार वाट्या, वर पारदर्शक झाकणं, प्रत्येकीला पांढरी पट्टी आणि पट्टीवर निळ्या पेनानं पदार्थ, तारीख, वेळ. सगळं नियमात. आणि डाळीच्या वाटीत, पिवळ्या सायीवर, ते एक पान. गारठ्यानं कडेला काळवंडलेलं, पण देठ अजून हिरवा. त्यानं दार लावलं. रबर चप्पकन चिकटलं. आपण पायात बूट घालून कुणाचं तरी देवघर उघडलं, असं त्याला वाटून गेलं आणि त्यानं खरंच एकदा खाली बुटांकडं पाहिलं. शेजारी कँटीनच्या ठेकेदाराचा मॅनेजर गणराज उभा होता, एका कानात इअरफोन, दुसरा गळ्याशी लोंबतोय. “ओके ना सर?” त्यानं विचारलं. “होय,” दादासाहेब म्हणाला.  

‘होय’ म्हणायचीच नोकरी होती. सकाळी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीनं विचारलं होतं, “नाव?” “दादासाहेब.” “अहो नाव सांगा, हुद्दा नंतर.” मागं उभा असलेला टेम्पोवाला फिस्सकन हसला होता. हसू दे. पाळण्यातलं नाव होतं ते, करमाळ्याकडच्या आईनं हौसेनं ठेवलेलं. तिला वाटलं असेल, पोराला निदान हाक तरी मानाची मिळावी. हुद्दा सांगायचा तर एवढाच: दिल्लीत देशभरासाठी अन्नसुरक्षेचे जे नियम ठरतात, ते या पट्ट्यात, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत, खरोखर किती उतरलेत हे मोजायचं काम एका एजन्सीनं घेतलं होतं, आणि मोजण्यासाठी एजन्सीनं ह्याला घेतलं होतं. चाळीस प्रश्न, होय किंवा नाही, सोबत फोटो. पिंपळे सौदागरच्या काचेच्या दारांच्या हॉटेलांत भाजीला वेगळी सुरी, चिकनला वेगळी सुरी, दोन्ही सुऱ्या भिंतीवर चकचकीत टांगलेल्या, आणि मागच्या बोळात गटाराच्या झाकणावर बसून भांडी घासणारी बाई. त्या बोळासाठी प्रश्नच नव्हता. पुनावळ्याला हायवेजवळ एका गाडीवाल्यानं त्याला लांबून येताना पाहून खिशातून टोपी काढली होती. “थांबा सायेब, टोपी घालतो, मग काढा फोटो. माझा चेहरा तसा बी चांगला येतो.” फोटो काढला. होय. वळून पाहिलं तर टोपी परत खिशात. नियम दिल्लीहून निघतो तेव्हा नियम असतो. इथं पोचेपर्यंत त्याची टोपी होते, हातमोजा होतो, भिंतीवर लावलेला इंग्रजी बोर्ड होतो. तो बोर्ड वाचणारा गिऱ्हाईक त्या गाडीवर कधी येत नाही, आणि येणाऱ्याला वाचता येत नाही. हे दादासाहेबानं एकदा ऑफिसात बोलून दाखवलं होतं. कोऑर्डिनेटर मिनल, वयानं लहान, स्वभावानं वाईट नाही, पण आकड्यांवर जगणारी. ती म्हणाली, “सर, आपण पोलीस नाही. आपण फक्त नोंदवतो.” खरंच होतं ते. नोंदवणारा माणूस म्हणजे चालता-बोलता वजनकाटा. काट्यानं कधी ओरडायचं नसतं.

फक्त एका प्रश्नाबद्दल त्याला मनातून बरं वाटायचं. हाच, नमुन्याचा. मोठ्या स्वयंपाकघरात जे जे शिजतं त्यातलं थोडं वाटीत काढून, तारीख टाकून, ठरलेला काळ थंडीत ठेवायचं; उद्या कुणाला उलट्या झाल्या तर वाटी तपासायला जाते आणि दोष कुणाचा ते कळतं. टोप्या खिशात जातात, हातमोजे खिळ्याला लटकतात, पण वाट्या मात्र प्रत्येक कँटीनमध्ये होत्या. खऱ्या, रोजच्या, कुणी बघायला आलं म्हणून ठेवलेल्या नव्हेत. कुठं कुठं तर बायका त्या फ्रिजचा कप्पा स्वतःच्या पदरानं पुसायच्या. मिनलनं वरच्यांपुढं पडद्यावर जे दाखवलं त्यात हाच खांब सगळ्यात उंच होता, हिरवागार, वरपर्यंत. ‘स्थानिक पातळीवर उत्तम स्वीकार.’ दादासाहेब मागच्या खुर्चीवर बसून तो खांब बघत होता, आणि खोटं कशाला, छाती थोडी भरून आली होती. चाळीसातला एक नियम तरी या मातीत रुजला. का रुजला, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. झाड हिरवं दिसलं की मूळ कोण उकरतो?

आता ते पान. गणराज त्याला पाण्याच्या टाकीकडं घेऊन निघाला होता, क्लोरीनबद्दल काही सांगत होता, आणि दादासाहेबाच्या डोळ्यांपुढं पान होतं, आणि पानामागं वर्षाली. तळेगावला त्याच्याच चाळीत, जिन्याखालच्या खोलीत राहणारी परभणीकडची पोरगी, ह्याच कंपनीत ट्रेनी होती. गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायची. होती, कारण गेल्या महिन्यात एका दुपारी कँटीनमध्ये जेवून ती आणि तिच्याबरोबरच्या ट्रेनी पोरी लायनीवरच ओकायला लागल्या. दोघींना सलाईन लागलं. बाकीच्या चार दिवस भिंतीला धरून चालत होत्या. पोरींनी लिहून दिलं की जेवण खराब होतं. कंपनीनं वाटी तपासायला पाठवली. वाटी स्वच्छ आली. जेवण स्वच्छ, म्हणजे पोरी खोट्या. बाहेर पाणीपुरी खाल्ली असणार आणि बिल कंपनीवर फाडायला बघतात. सगळ्यांचे गेटपास बंद. कंपनीचं नाव खराब केलं, असं कारण. येत्या सोमवारी शेवटचं बोलावलं होतं: माफी लिहून द्या, मग बघू, नाहीतर हिशेब घ्या आणि जा. “काका,” तिनं दादासाहेबाला जिन्यात गाठून विचारलं होतं, “तुम्ही तर हेच बघता ना? वाटी चांगली आली म्हणायलेत. मग मी खोटं बोलायले का?”  वाटीवर दादासाहेबाचा विश्वास होता. तो म्हणाला होता, “शिफ्टआधी बाहेर काही खाल्लं होतं का गं, आठवून बघ.” तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि खाली गेली. त्यानंतर ती त्याला खरं असं काही सांगेनाशी झाली. त्याची बायको, विजयश्री, जिन्यात भेटली की विचारायची, “जेवलीस का गं?” आणि वर्षाली म्हणायची, “जेवले मावशी.” विजयश्रीला ठाऊक होतं की खाली दोन दिवस स्टोव्ह पेटलेला नाही. पण पोरगी ‘जेवले’च म्हणायची. जिला एकदा सगळ्यांनी खोटं ठरवलं, ती मग लोकांना हवं तेच सांगते, त्यात त्रास कमी असतो.

“गणराज,” दादासाहेब टाकीपाशी थांबून म्हणाला, “वाट्या कोण भरतं?” “गिरजाबाई भरतात सर. सगळ्यात सीनियर. एक दिवस चुकवत नाहीत. मी सांगतो तुम्हाला, कॅप विसरतील, वाटी विसरणार नाहीत.” अभिमानानं सांगत होता. गिरजाबाई भटारखान्याच्या दारात पाट टाकून कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. साठीच्या आसपास, इथल्याच, चाकणलगतच्या एका वाडीतल्या. केसांवर कंपनीची जाळी आणि जाळीतून बाहेर आलेलं ठसठशीत कुंकू. दादासाहेब समोर उकिडवा बसला. “पान तुम्ही ठेवलंत मावशी?” बाई एकदम सावरल्या. “ऱ्हायलं व्हय त्यात? काढून टाकते, सायेब, काढून टाकते. फोटूत आलं का काय?” “राहू द्या. का ठेवता तेवढं विचारतोय.” बाईंनी गणराजकडं पाहिलं, मग ह्याच्याकडं, आणि ह्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, मोकळ्या झाल्या. “आता बगा. ते ट्रेनिंगवालं पोरगं आलं हुतं, टायबियवालं. निस्तं विंग्रजी. पन एक गोष्ट लाखाची बोलला. म्हनला, सैपाक उतरला की सगळ्यांच्या आदी थोडा थोडा वाटीत काढायचा, झाकायचा, आन् कुनी हात लावायचा न्हाई. मी म्हनलं, आरं लेका, हे तर आमी जल्मभर करतो. ह्याला काय ट्रेनिंग लागतंय? बाकी तुमचं ते गलव्ज बिलव्ज मला जमत न्हाई, हाताला घाम येतो. पन पयली वाटी माज्याकडनं चुकायची न्हाई. सैपाक उतरला, वरचं वर काढलं, पान ठिवलं, आत ठिवलं. मंग मान्सं.” “चव बघून?” “आवो, निवदाची चव बगत्यात व्हय?” बाई त्याच्यावर अशा हसल्या की जणू हा सर्व्हे करत करत विलायतेहून आला आहे.

निवद. दादासाहेब उठला. गुडघे कटकन वाजले. आई, तानाबाई, चुलीपुढं, चेहऱ्यावर लाल उजेड, आणि भाकरी, कालवण, भात असं वरचं वर काढलेलं छोटं ताट. तिनं कधी चाखून पाहिलं नाही. मीठ कमी पडलं तरी ते देवाला आधी कळायचं, घराला नंतर. ताट उचलून ती देव्हाऱ्याकडं जायची तेव्हा तिच्या हातांतून वाफ निघायची, आणि लहानपणी दादासाहेबाला वाटायचं, देव किती भाग्यवान, त्याला कायम गरम मिळतं. देवानं कधी गार खाल्लं नाही. देवानं तळ खरवडला नाही. मग आजोबा जेवायचे, मग बाप, मग पोरं, आणि दुपार कलल्यावर आई. उन्हाळ्यात कालवण तोवर फसफसायला लागायचं. ती पातेलं नाकाशी न्यायची, हुंगायची, क्षणभर डोळे मिटायची आणि वाढून घ्यायची. “आई, वास येतोय.” “जरासं आंबूस लागतंय इतकंच. तू जा खेळाय.” रात्री ती परसात बसलेली असायची, पोट धरून. सकाळी म्हणायची, ऊन लागलं. कुणाच्याही मनात कधी आलं नाही की तिला कालवण लागलं. त्याच पातेल्यातलं घरातल्या सगळ्यांनी खाल्लं होतं, देवानंही खाल्लं होतं, आणि सगळे ठणठणीत होते. पातेलं तेच. वेळ तीच नव्हती. ही एवढी साधी गोष्ट, आणि आई मेल्यावर इतक्या वर्षांनी ती त्याला चाकणच्या पत्र्याखाली, क्लोरीनच्या वासात, कळत होती. त्याला राग आला. मोठा, ओरडणारा राग नव्हे.  आईला ऊन लागत होतं म्हणे. कोणतं ऊन? जे फक्त शेवटी जेवणाऱ्यालाच लागतं, ते.

कँटीनचा हॉल पत्र्याचा. वर पंखे, पंख्यांतून गरम वारा. भिंतीवर दोन बोर्ड, एकावर हात कसे धुवावेत याची चित्रं, दुसऱ्यावर कंपनीतल्या जेवणाच्या पाळ्या. दादासाहेबानं पाळ्या वाचल्या. या बोर्डाचाही फोटो त्यानं सकाळी काढला होता. ‘वेळापत्रक लावले आहे का?’ होय. आता तो वाचत होता. पहिल्यांदा स्टाफ. मग पर्मनंट. मग कंत्राटी. सगळ्यात शेवटी ट्रेनी. बोर्डावर देव लिहिलेला नव्हता, पण होता. स्टाफच्याही आधी, सकाळी, पातेलं उतरल्या उतरल्या. “गणराज, डाळ किती वेळा होते?” “एकदाच सर, सकाळी. ब्रेकफास्ट उरकला की लगेच. मग आमची टीम दुसऱ्या साईटला जाते. बल्कमध्ये असतं सगळं.” “आणि शेवटच्या पाळीपर्यंत गरम कशावर राहते?” “झाकून असते ना सर,” गणराज म्हणाला, आणि मग, “तेवढा प्रश्न आहे का तुमच्यात?” नव्हता. चाळीसांत तसा प्रश्न नव्हता. फ्रिजचं तापमान होतं, थर्मामीटरसकट. पातेल्याचं नव्हतं. असलाच तर कुठल्या तरी जाड पुस्तकात असेल, दिल्लीत, कपाटात. पण दादासाहेबाच्या मोबाईलपर्यंत येता येता तो गळला होता. ज्यांनी गाळला त्यांच्या ऑफिसात जेवण डब्यातून येतं.

ट्रेनी पोरींची रांग लागली. निळे शर्ट, मानेवर घाम, मोबाईलमध्ये खुपसलेली डोकी. दादासाहेबाचं ताट आतल्या खोलीत वाढलेलं होतं, गणराज दोनदा सांगून गेला होता. पापड, गुलाबजाम, वर पेपर नॅपकिनचं फूल. तो रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. भूक नव्हती. आईच्या मागं उभं राहिल्यासारखं वाटत होतं, तेवढं खरं. पुढच्या पोरीनं मागं वळून पाहिलं आणि शेजारणीला कोपर मारलं. “ए, नवीन ट्रेनी बघ. वय जरा जास्तच झालंय.” “गप, ऑडिटवाले आहेत ते.” “मग ह्या लायनीत कशाला? वाट चुकले काय?” रांग पुढं सरकली, त्याच्यामागं आणखी पोरी येऊन लागल्या. मीठ, लोणचं, भात. भात थाळीत पडला तो एका तुकड्यात पडला. डाळीच्या पातेल्यामागं गिरजाबाई होत्या. त्यांचा पळीचा हात सरावानं पुढं आला, डाळ पळीत होती, आणि त्यांनी वर पाहिलं. पळी थांबली.

“सायेब, तुमी हितं कुटं? तुमचं आत वाडलंय.”

“इथलंच द्या मावशी.”

“ही नगा घेऊ.” बाईंनी आवाज खाली आणला, मायेनं, जसं घरातल्या पाहुण्याला सांगावं तसा. “ही सकाळची हाय. वास धरलाय जरा. तुमच्यासाठी आत येगळी गरम करून ठिवलीया.”

पुढची पोरगी अजून ट्रे घेऊन शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं. “मावशी,” ती म्हणाली, “आमच्यासाठी पण आत ठेवत जा की थोडी.” दोघी-तिघी हसल्या. मग एकीचं हसणं मध्येच थांबलं, मग दुसरीचं, आणि टेबलांवर बसलेल्या पोरींचे चमचेही, एकेक करून, शांत झाले.  गिरजाबाईंच्या पळीतून डाळ परत पातेल्यात ओघळली. वरच्या थरावर बारीक बुडबुडे होते, साबणाच्या पाण्यासारखे. दादासाहेबानं पातेल्यावर वाकून श्वास घेतला. आंबूस. जरासं, इतकंच.

“गेल्या महिन्यातली वाटी,” तो हळू म्हणाला, “पोरी आजारी पडल्या त्या दिवशीची. ती पण तुम्हीच काढली होती?”

“मीच की.”

“चांगली आली तपासणीत.”

“येनारच!” बाई ताठ झाल्या, इतका वेळ नाही ते आता कुणी त्यांच्या कामावर बोट ठेवत होतं. “देवाची वाटी हुती ती, सायेब. ती कशी वाईट निगंल?”

बोलून झाल्यावर त्यांनी पळी कडेला टेकवली. पातेल्याकडं पाहिलं. रांगेकडं पाहिलं.  दादासाहेबाला जे सांगायचं होतं ते त्या बाईला सांगायचं नव्हतं. ते ज्यांना सांगायचं ते इथं जेवत नव्हते. ह्या बाईनं चाळीसातला एकच नियम मनापासून, जन्मभराच्या श्रद्धेनं पाळला होता, आणि त्याच नियमानं पोरी खोट्या ठरल्या होत्या. तिला शिकवणाऱ्यानं ‘आधी’ सांगितलं, ‘का’ सांगितलं नाही. तपासणाऱ्यानं वाटी पाहिली, ती कधी भरली ते पाहिलं नाही. आणि तो तपासणारा मीच, दादासाहेबाला वाटलं, काटा, हिरवा खांब. किती कँटीनमध्ये किती गिरजाबाई किती पानं ठेवत असतील, आणि त्या सगळ्या वाट्या साक्ष देत असतील, एकमुखानं, की जेवण उत्तम होतं. जेवण उत्तम होतंच. देवाचं.

“म्हंजी त्या पोरी,” गिरजाबाई म्हणाल्या. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पदर तोंडाला लावला, काढला. मग फडताळातून एक रिकामी वाटी घेतली, पळी पातेल्याच्या तळापर्यंत घातली आणि तळाचं वाटीत भरलं. झाकण लावलं. खिडकीकडं त्यांचा हात सवयीनं गेला, तिथं तुळस होती, डालड्याच्या जुन्या डब्यात लावलेली. हात पानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तसाच परत आला. “हिच्या पट्टीवर काय लिवू?” त्यांनी विचारलं. “मला लिवता येतं. सकाळच्या पट्ट्या बी माज्याच हातच्या हायत.” “ट्रेनी मुलींची डाळ,” दादासाहेब म्हणाला, “आणि आत्ताची वेळ.” बाईंनी अक्षर अक्षर दाबून लिहिलं. मग पातेल्यावर झाकण टाकलं. “थांबा गं जरा,” त्या रांगेला म्हणाल्या, आणि आत गेल्या, ऑडिटवाल्या साहेबासाठी आणि उशिरा येणाऱ्या स्टाफसाठी गरम ठेवलेली डाळ आणायला. ती साऱ्यांना पुरणार नव्हती. एकेक पळी मिळाली असती फार तर.

गणराज धावत आला, तेव्हा फ्रिजमध्ये डाळीच्या दोन वाट्या शेजारी होत्या, एकीवर पान, एकीवर नुसती पट्टी, आणि दादासाहेब त्यांचा फोटो काढत होता. “सर, हे काय? सर, असं नसतं. एक नमुना असतो. तुम्ही सकाळी होय केलंय, मी बघितलंय!” “बदलता येतं,” दादासाहेब म्हणाला. बदलता येत होतं. ‘होय’वर परत बोट ठेवलं की ते पुसट व्हायचं. त्यानं ‘नाही’ दाबलं. ‘नाही’ दाबलं की शेरा लिहायला चौकट उघडायची. इतक्या महिन्यांत त्याला ती फारशी उघडावी लागली नव्हती. त्यानं उभ्या उभ्या लिहिलं: ‘येथे देवाचा नमुना ठेवला जातो. शेवटी जेवणाऱ्या माणसांचा नमुना ठेवला जात नाही. इतर कँटीनमध्येही हेच असण्याची शक्यता. माझ्या आधीच्या सर्व नोंदी पुन्हा तपासाव्यात. चूक स्वयंपाकिणीची नाही.’ शेवटचं वाक्य ॲपला लांब झालं. त्यानं पहिल्या वाक्यातला ‘येथे’ खोडला आणि ते बसवलं.

मिनलचा फोन तो एमआयडीसीच्या रस्त्यावर येईपर्यंत आला. कंटेनरच्या आवाजात तिचं निम्मंच ऐकू येत होतं. “सर, ही काय भाषा आहे? देवाचा नमुना? वर काय दाखवू मी? आपला सगळ्यात चांगला इंडिकेटर आहे तो.” “म्हणूनच,” दादासाहेब म्हणाला. “सर, आणि फोटो एजन्सीचे असतात हं. बाहेर जाता कामा नयेत. तुम्हाला माहितीये काय होतं ते.” “माहितीये.” मग ती एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, “आमच्याकडे पण आई शेवटीच जेवायची, सर.” आणि फोन ठेवला. तो स्कूटर कडेला लावून बसून राहिला. समोर नवं कोरं हॉटेल, दारावर स्वच्छतेचे तारे चिकटवलेले, पाचांपैकी चार. चौथा तारा त्यानंच मिळवून दिला होता. मोबाईल काढून त्यानं दोन वाट्यांचा फोटो वर्षालीला पाठवला. खाली लिहिलं: सोमवारी हा दाखव. माफी लिहून देऊ नकोस. कोणत्याही कँटीनवाल्याला विचारा म्हणावं, वाटी कधी भरता. मी येईन बरोबर. पाठवल्यावर दोन खुणा उमटल्या, आणि त्याला कळलं की उद्यापासून आपल्याला ह्या रस्त्यावर मोजायला काही उरलेलं नाही. भीती वाटायला हवी होती. त्यानं स्कूटर सुरू केली.

तळेगावात पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. वर्षाली जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, मोबाईल मांडीवर उलटा ठेवून. तिनं फोटो पाहिला होता, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. कुणी तरी पाठीवरून ओझं उतरवलं, पण पाठीला अजून ते खरं वाटत नाही, तसं ती बसली होती. “पान असलेली आमची नाही ना?” तिनं विचारलं. “नाही. ती सकाळची.” “मग आमची ती दुसरी.” “हं.” ती फोटोकडं पुन्हा पाहत राहिली.  वरून विजयश्रीच्या फोडणीचा आवाज आला, लसणीचा वास जिना उतरून खाली आला. दादासाहेबानं बूट काढले. तिच्याशी त्यानं काहीतरी बोलायला हवं होतं, त्या दिवशी जिन्यात जे विचारलं त्याबद्दल. मग त्यानं तेच विचारलं, जे या चाळीत दिवसातून दहा वेळा कुणीही कुणालाही विचारतं आणि ज्याचं उत्तर कुणी ऐकत नाही.

“जेवलीस का?”

वर्षालीनं सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

“नाही काका,” ती म्हणाली. “कालपासून नाही.”